एका दमाचा गोळा

"मी बाक सोडतोय," असं आप्पांनी जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवसापासून घरात सगळे एकमेकांशी फार गोड बोलायला लागले. हे काही खरं नाही, हे वहिनींना तेव्हाच कळलं. या घरातली माणसं भांडत असली की समजावं, सगळं ठीक चाललंय. गोड बोलायला लागली की फुटणारी भांडी लपवून ठेवावीत.

बाक म्हणजे भट्टीसमोरचं लाकडी आसन. त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, त्यांवर फुंकनळी आडवी टेकवून फिरवायची. बाकावर बसेल तो कारखान्याचा धनी. दिव्याचे गोळे कोणी फुंकायचे, बरण्या कोणी, काच कधी बदलायची, कोणाला कधी ओरडायचं, हे सगळं बाकावरून ठरणार. आप्पांच्या वडिलांनी बाक करून घेतला आणि बाकाबरोबर एक नियमही करून ठेवला. नव्या धन्यानं सगळ्या घरासमोर एक गोळा फुंकायचा, तोही एका दमात. मधे नळी तोंडातून काढायची नाही, दुसरा श्वास घ्यायचा नाही. जेवढा होईल तेवढा गोळा बाकावरच्या तुळईला टांगायचा, जन्मभर डोक्यावर.

तुळईला तीन हुक होते. पहिल्यावर आप्पांच्या वडिलांचा गोळा, चांगला कलिंगडाएवढा. दुसऱ्यावर आप्पांचा, तो खरबुजावर थांबलेला. कोणी नवीन माणूस वर बघायला लागला की आप्पा त्यानं विचारायच्या आत सांगायचे, "त्या वर्षी वाळूच खराब आली होती." घरातल्या मुलांना बोलता येऊ लागलं की आई, बाबा आणि त्यानंतर हे वाक्य यायचं. तिसरा हुक रिकामा होता, आणि सध्याचं सगळं गोड बोलणं त्या हुकासाठी होतं.

दादांचा हक्क थोरलेपणाचा. वहिनींचा हा नवरा काम उत्तम जाणायचा, फक्त दिवसातला निम्मा वेळ भट्टीपाशी आणि निम्मा वेळ मागच्या दारात सिगरेट ओढत असायचा. धाकट्याचं नाव आता कोणाला आठवतही नव्हतं. तरुणपणी तो गिटार घेऊन डोंगरात गेला तो दाढी आणि कापडी बटवा घेऊन परत आला, तेव्हा आप्पांनी "या बुवा" म्हणून त्याचं स्वागत केलं आणि तो बुवाच झाला. बटव्यात गांजा असायचा. बुवा त्याला वनस्पती म्हणायचा.

तिसरा हक्कदार कोणाच्याच मनात आला नव्हता, कारण तो चहा करत होता. वहिनी लग्न करून आल्या त्या वरच्या माळ्यावर, मालाच्या बांधणीला. दुपारी पुरुषमंडळी आडवी झाली की त्या खाली उतरायच्या आणि आप्पा त्यांना गुपचूप फुंकायला शिकवायचे. पुढे दादांना खोकल्याची उबळ आली की, "जरा धर गं ही नळी," असं होऊ लागलं. गेल्या कित्येक वर्षांत कारखान्यातून गेलेले निम्मे गोळे वहिनींच्या श्वासाचे होते. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच कोणी ते बोलत नव्हतं. वहिनींना तो बाक हवा होता. इतका हवा होता की झाडताना त्यांचा हात त्या पट्टीवर उगीचच रेंगाळायचा.

एक गोष्ट मात्र त्यांनीही कोणाला सांगितली नव्हती. हल्ली माळ्याचा जिना चढताना त्यांना मधल्या पायरीवर थांबावं लागायचं. थांबल्या की त्या कठडा पुसायच्या, म्हणजे कोणी बघितलं तर काम दिसावं. तो कठडा घरातली सगळ्यात स्वच्छ वस्तू झाली होती.

ठरलेल्या सकाळी सगळी भट्टीपाशी जमली. पंच म्हणून ताई आली होती. दादांची ही धाकटी बहीण छातीच्या दवाखान्यात श्वास मोजायच्या यंत्रावर कामाला होती. दिवसभर लोकांना नळीत फुंकायला लावायचं आणि "जोरात, जोरात, सोडू नका, अजून, अजून!" असं ओरडायचं, हेच तिचं काम. त्यामुळे ती घरीही चहा मागायची ती समोरचा दचकेल अशा आवाजात.

"दादा, तू आत्ता ओढून आलास," ती आल्याआल्या म्हणाली.

"मी? पेपरमिंट खाल्लं."

"पेपरमिंटला राखेचा वास कधीपासून यायला लागला?"

"एकच ओढली. हात स्थिर राहावे लागतात. आणि ती शेवटची होती."

"तू दर सोमवारी शेवटची ओढतोस दादा. मंगळवारी पहिली."

बुवा भिंतीला टेकून मंद हसत होता. सकाळी सकाळी त्याचं हसणं मंद असलं म्हणजे बटवा उघडला गेलेला असे. "ताई, दादाला बोलून उपयोग नाही," तो म्हणाला. "तो कारखान्यात बनवलेलं विष ओढतो. कागद, रसायनं, काय काय असतं त्यात. माझं बघ. जमिनीतून उगवतं, उन्हात वाळतं. निसर्ग."

"विषारी अळंबीही जमिनीतून उगवते," ताई म्हणाली.

दादांना एकदम बहीण आवडायला लागली. "बघ! अरे, मी निदान शुद्धीत असतो. तू परवा काच काढायला गेलास आणि भट्टीसमोर उभा राहून, आपण इथे कशाला आलो, म्हणून मला विचारलंस."

"तो प्रश्न मोठा होता दादा. तुला कळला नाही."

"आप्पा, याच्या हातात दोन हजार अंशांची भट्टी देणार तुम्ही?"

"आपली तेराशेची आहे," आप्पा म्हणाले. "एवढं तर माहीत पाहिजे बाकावर बसणाऱ्याला."

बुवानं संधी साधली. "शिवाय ताई, तूच सांग, सिगरेटपेक्षा गांजा बरा की नाही? दगडापेक्षा वीट मऊ, एवढं तरी म्हणशील की नाही?"

"डोक्यात घातली तर वीटही दगडच, बुवा." ताईनं पर्स खाली ठेवली. पर्स ठेवली म्हणजे ती आता लवकर आटोपणार नाही, हे वहिनींना माहीत होतं. "धूर तो धूर. काहीही जाळून छातीत ओढलंस की डांबर आत जातंच. तंबाखूच्या धुरातली कॅन्सर करणारी रसायनं गांजाच्या धुरातही असतात. फुप्फुसाला काय कळतं, हे दुकानातून आलं की डोंगरातून? आणि दादा एक झुरका घेऊन सोडून तरी देतो. तू खोल ओढतोस आणि गाल फुगवून धरून बसतोस."

"तो प्राणायाम असतो. मी दम कोंडतो, त्यानं छाती तयार होते."

"नशा काही क्षणांत रक्तात गेलेली असते. त्यानंतर कोंडून फक्त डांबर बसतं. छाती नाही तयार होत, चिमणी तयार होते. आणि तू त्यात दादाच्या पाकिटातली तंबाखू मिसळतोस, म्हणजे तुला दोन्हीकडचा आहेर."

"माझ्या पाकिटातली?" दादा ओरडले. "तरी म्हटलं पाकीट लवकर कसं संपतं!"

"तेवढ्याच कमी ओढल्यास," बुवा म्हणाला. "माझे उपकार मान."

आता बहीण बुवाच्या विरुद्ध गेली म्हणून दादा खूश आणि बुवानं पाकीट चोरलं म्हणून दादा चिडलेले, अशी त्यांची पंचाईत झाली. त्यांनी ताईला खुर्ची दिली आणि लगेच, "पण भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला थोडं चालतं," असंही म्हणून टाकलं. त्याबरोबर ताईनं खुर्ची बुवाच्या बाजूला सरकवली. वहिनींनी चहाचे कप गोळा केले. या घरात कोण कोणाच्या बाजूला आहे, हे बघायचं असेल तर माणसांपेक्षा खुर्च्यांकडे बघावं.

"पुरे झालं तोंडचं," आप्पा म्हणाले. "आता नळीनं बोला."

पहिला मान दादांचा. त्यांनी भट्टीच्या तोंडातून नळीच्या टोकावर काच गोळा केली. पिवळीजर्द, मधासारखी ओघळणारी. लोखंडी पाटावर ती फिरवली, ओल्या लाकडी वाटीत गोल केली. हात कसा चालत होता! वहिनींना क्षणभर नवऱ्याचा अभिमान वाटला, आपलाच बाक जातोय हे विसरून. दादा भट्टीशेजारच्या ओट्यावर चढले, नळी खाली सोडली. वहिनी नळी फिरवत ठेवायला खाली उभ्या राहिल्या.

फुंकण्यात पहिला फुगा सुटायला जोर लागतो. एकदा सुटला की पुढे नुसता श्वास पुरवत राहायचं, संथ, एकसारखा. दादांचा फुगा सुटला. लिंबू झालं, मोसंबी झाली. आप्पा पुढे वाकले.

"सोडू नको, अजून, अजून!" ताई सवयीनं ओरडली.

आणि दादांच्या छातीत काहीतरी हललं. चेहरा लाल झाला, डोळे मोठे झाले. नळी तोंडातून काढली तर बाद. खोकला दाबला तर जीव जायची पाळी. त्यांनी नळी सोडली नाही, आणि खोकलाही थांबला नाही. तो सरळ नळीतून खाली गेला. गोळ्याच्या एका बाजूनं फुगवटा आला, त्यावर दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी एक लांब नाक निघून वाकडं झालं.

सगळे बघत राहिले. माणसाचा खोकला ऐकू येतो, पण दिसत नाही. हा दिसत होता. काच गार होत होती आणि दादांचा खोकला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तसाच्या तसा टिकत होता.

"घशात काहीतरी गेलं," दादा डोळे पुसत म्हणाले.

"घशातून बाहेर आलंय," ताई म्हणाली.

बुवानं दाढी बांधली. त्याचा विश्वास दांडगा होता. "बघा आता," तो म्हणाला, "कोंडलेल्या दमाची ताकद." काच त्यानं बरी काढली, वाटीत गोलही बरी केली. ओट्यावर चढला, डोळे मिटले, नळी ओठांना लावली, आणि मग त्यानं असं काही केलं, जे त्या भट्टीच्या इतिहासात आजवर कोणी केलं नव्हतं.

पहिला फुगा त्यानं छान सोडला. पण ओठांना नळी लागलेली, डोळे मिटलेले, समोर ऊब. वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्याच्या छातीला वाटलं, आता आपलं काम आलं. बुवानं फुंकायच्या ऐवजी ओढलं. खोल, मनापासून, पार तळापर्यंत.

खाली गोळा चिमला, आकसला आणि सुकलेल्या अंजिरासारखा होऊन नळीला चिकटून बसला. वर बुवाच्या घशात गोळ्यातली तापलेली हवा गेली आणि तो नळी टाकून खोकत खोकत ओट्यावर बसला. ताईनं धावत जाऊन त्याचा घसा बघितला, पाणी पाजलं. नळी लांब होती म्हणून वाचला, नाहीतर घसा भाजला असता. तो ठीक आहे असं कळल्यावर मग मात्र आप्पा हसायला लागले. त्यांच्यामागून दादा. हसताना दादांना परत खोकला आला.

"एक खोकतो, एक ओढतो," आप्पा म्हणाले. "तिसरा हुक रिकामाच ठेवू का मी?"

वहिनींनी हातातली फडकी खाली ठेवली. आपण बोलणार आहोत हे त्यांना स्वतःलाही आधी माहीत नव्हतं. "आप्पा, मी फुंकते," त्या म्हणाल्या.

दादांनी तोंड उघडलं. बुवानंही उघडलं. पण दोघांच्याही तोंडून खोकल्याशिवाय काही बाहेर पडलं नाही. खुर्च्यांचं म्हणाल तर ताईची खुर्ची केव्हाच वहिनींच्या बाजूला आली होती.

"ही तर आयुष्यात कधी ओढलेली नाही," ताई म्हणाली. "आता बघा शुद्ध फुप्फुस कसं असतं."

वहिनींनी काच काढली. घाई केली नाही. पाटावर फिरवताना मनात जिन्याची मधली पायरी आली. त्यांनी ती बाजूला सारली. श्वास घेतला, पोटापर्यंत. फुगा सुटला. गोल, स्वच्छ, कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. लिंबू झालं. ते संत्र्याकडे निघालं. वहिनींना वाटलं, झालं, आता हा वाढतच जाणार, कलिंगडापर्यंत जाणार.

आणि श्वास संपला.

खोकला नाही, गडबड नाही. नुसता संपला, तळाला पाणी संपावं तसा. वहिनींनी डोळे मिटून आत शोधलं, अजून कुठे थोडा उरलाय का. नव्हता. गोळा संत्र्यापेक्षा जरासा मोठा होऊन थांबला होता.

त्या खाली उतरल्या आणि बाकाच्या टोकावर बसल्या. धाप लागली होती आणि ती लपवायला इथे कठडा नव्हता. ताई काही ओरडली नाही. जवळ येऊन ती अगदी हळू बोलली, आणि या घरात तिचा तो आवाज कोणी ऐकलेला नव्हता.

"वहिनी, जिना चढताना असंच होतं?"

वहिनींनी मान हलवली.

"केव्हापासून?"

"कठडा चकचकीत झाल्यापासून," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना एकदम रडू आलं.

"पण ही ओढत नाही!" दादा म्हणाले. "कधीच ओढली नाही हिनं!"

"ही ओढत नाही. तू ओढतोस ते हिला मिळतं. एका खोलीत, दारं लावून, लग्न झाल्यापासून." ताईनं वहिनींच्या पाठीवर हात ठेवला. "काचेवरून मी निदान करत नाही. उद्या दवाखान्यात ये, यंत्रावर फुंक, डॉक्टर तपासतील. कदाचित दुसरंच काही असेल. पण माझ्याकडे अशा कितीतरी बायका येतात दादा. आयुष्यात एक झुरका नाही घेतलेला, आणि नळीत फुंकायला लावलं की काटा अर्ध्यावर अडतो."

"भट्टीचा धूर असेल," दादा पुटपुटले.

"भट्टी गॅसवर येऊन जमाना झाला. आणि ही तर दिवसातला बराच वेळ माळ्यावर असते."

वहिनींनी पदराच्या टोकानं डोळे पुसले. रडू गेलं आणि त्याच्या मागून राग आला, इतक्या वर्षांचा एकदम. "रोज मी खिडकी उघडायची," त्या म्हणाल्या, "आणि रोज तुम्ही गार वारा येतो म्हणून लावायची. तुम्हाला वाऱ्याची भीती! पडदे धुतले की पाणी तपकिरी निघायचं. मला वाटायचं, पडद्यात जातो तो सगळा. माझ्यात जातो हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

दादा उभ्याउभ्या लहान झाल्यासारखे वाटले. त्यांनी काहीतरी बोलायचं म्हणून वर बघितलं. "काच पण आज जरा घट्टच होती," ते म्हणाले. "नाही का हो आप्पा? वाळू..."

सगळ्यांनी वर बघितलं, आप्पांच्या खरबुजाकडे. आप्पांनीही बघितलं. तरुणपणी त्यांच्या कानामागे कायम एक सिगरेट खोचलेली असे, असं त्यांचाच जुना फोटो सांगायचा. हृदयाचं दुखणं झालं तेव्हा ती सुटली होती.

"वाळू चांगली होती," आप्पा म्हणाले.

"आजची?"

"नाही रे. त्या वर्षीची."

मग आप्पांनी वहिनींचा गोळा उजेडासमोर धरला, नळी हळूहळू फिरवत. "भिंत बघा. सगळीकडून सारखी. गोळा म्हणावा असा हा एकच आहे. बाकीचे दोन अपघात आहेत. बाक हिचा."

"पण नियम..." बुवा म्हणाला.

"नियमात गोळा म्हटलंय. अंजीर म्हटलेलं नाही."

वहिनी उठल्या. बाकावर नीट मधोमध बसल्या, दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले. "हुक रिकामाच राहू दे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मी परत फुंकणार. तोवर या घरात आणि अंगणात धूर नको. कसलाच नको. भावजी, बटवा पण धूरच."

"वहिनी, ती वनस्पती..."

"कुंडीत लावा नाहीतर बोळात टाका. जाळायची नाही."

दादांनी खिशातून पाकीट काढून बाकाच्या कडेवर ठेवलं. "मी केव्हाही सोडू शकतो," ते म्हणाले.

"एकट्याला जमलं असतं तर एव्हाना सुटली असती," ताई म्हणाली. "हिच्याबरोबर तूही ये उद्या. सोडवायला मदत करणारी माणसं आहेत तिथे. बुवा, तू पण. तिघांनाही एका बाकावर बसवते."

गोळे रात्रभर पेटीत निवत राहिले, कारण काच एकदम गार केली की तडकते. सकाळी पेटी उघडत असतानाच दिव्यांचा व्यापारी आला. त्यानं वहिनींना बाकावर बघितलं, दादांकडे बघितलं, आणि शहाणपणानं वहिनींना नमस्कार केला. मग त्याची नजर टेबलावर गेली.

"अरे वा! हे काय?" त्यानं दादांचा खोकला दोन्ही हातांनी उचलला. उन्हात त्याचे तीनही फुगवटे आणि वाकडं नाक चमकत होतं. "असं काही मी कुठेच बघितलं नाही. डिझाइन कुणाचं?"

बुवा भिंतीकडे तोंड करून, हसू दाबत हलायला लागला. दादांनी छाती काढली. कौतुक कोणालाही सोडवत नाही. "माझं," ते म्हणाले. "आतून आलं एकदम."

"झकास! हॉटेलवाले वेडे होतील याच्यासाठी. असे अजून किती मिळतील?"

दादांनी घसा खाकरला. हात सवयीनं खिशाकडे गेला आणि रिकाम्या खिशात तसाच राहिला. त्यांनी बाकाकडे बघितलं. वहिनी दवाखान्यात जायची चांगली साडी नेसून बसल्या होत्या, आणि त्यांच्याकडेच बघत होत्या. सकाळच्या जिन्याच्या चढउताराची धाप अजून पुरती बसलेली नव्हती, आणि आज त्यांनी ती लपवलीही नव्हती.

"सांगा की दादा," व्यापारी म्हणाला. "अजून किती काढाल असे?"

"एकही नाही," दादा म्हणाले. मग उठून त्यांनी भट्टीमागची खिडकी सताड उघडली, आणि गार वाऱ्यात तिथेच उभे राहिले.